कियासू : हरण्याच्या भीतीचं विशेषण

सिंगापूरला नव्याने आलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या महिन्याभरात जे शब्द पडतात, त्यात 'कियासू' हमखास असतो. अर्थ विचारला की कुणी सांगतं हावरट, कुणी सांगतं भयंकर चढाओढ करणारा, आणि कुणी नुसतंच हसतं. गंमत म्हणजे हा आता रीतसर इंग्रजी शब्द आहे बरं का! २००७ साली ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात तो दाखल झाला, नाम म्हणून आणि विशेषण म्हणूनही.

शब्द मुळातला होक्कियनचा. चीनच्या फुजियान प्रांतातून इथे आलेल्या लोकांची ही बोली, आणि सिंगापूरच्या चिनी वस्तीत सर्वांत मोठा गट याच लोकांचा. 'किया' म्हणजे भिणं आणि 'सू' म्हणजे हरणं. आपल्याकडे पापाला भिणारा तो पापभीरू. त्याच चालीवर कियासू म्हणजे 'पराभवभीरू'. एवढं कळलं की 'हावरट' हा अर्थ किती अपुरा आहे ते लक्षात येतं. हावरट माणसाला जास्त हवं असतं. कियासू माणसाला शेजाऱ्यापेक्षा कमी मिळेल अशी धास्ती असते. बुफेमध्ये तो ताट शिगोशीग भरतो ते भुकेपोटी नाही, दुसऱ्या फेरीला कोळंबी संपलेली असेल म्हणून!

वापराचं नेहमीचं उदाहरण म्हणजे दुपारच्या जेवणाची वेळ. हॉकर सेंटरमध्ये गर्दी उसळलेली असते आणि रिकाम्या टेबलांवर टिश्यू पेपरची छोटी पाकिटं ठेवलेली दिसतात. मालक रांगेत, जागा राखीव. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला नको. या जागा धरण्याला इथे 'चोप' म्हणतात. तो शब्द शिक्क्याला असलेल्या 'चॉप'वरून आला असं मानतात, आणि 'चॉप' मलायमार्गे आला तो आपल्याच 'छाप'वरून. म्हणजे टिश्यूचं पाकीट ही टेबलावरची छापच म्हणायची!

पण एका अख्ख्या समाजाने स्वतःला 'हरायला भिणारे' का म्हणवून घ्यावं? याचं उत्तर इतिहासात सापडतं.

९ ऑगस्ट १९६५ रोजी सिंगापूर मलेशियातून वेगळं झालं. हे स्वातंत्र्य लढून मिळवलेलं नव्हतं, अंगावर येऊन पडलेलं होतं. जमीन मूठभर, खनिजं नाहीत, पिण्याचं पाणीसुद्धा बऱ्याच अंशी पलीकडच्या जोहोरहून नळाने येणारं. त्यात १९६८च्या जानेवारीत ब्रिटिशांनी लष्करी तळ हलवण्याचं जाहीर केलं. हजारो लोकांची पोटं त्या तळांवर चालत होती. 'एकदा मागे पडलो तर संपलो' हे वाक्य इथल्या एका पिढीने अक्षरशः जगून पाहिलं आहे.

१९६७ साली तरुणांना सक्तीची लष्करी सेवा लागू झाली. बराकींत सगळ्या थरांतली मुलं एकत्र आली. अनेकांना इंग्रजी येत नसे, होक्कियन मात्र बहुतेकांना समजे. 'कियासू' घरोघरी पोचला तो या बराकींतून, असं मानलं जातं. १९९० साली जॉनी लाव आणि मित्रांनी 'मिस्टर कियासू' नावाची चित्रकथा काढली. प्रत्येक ठिकाणी पहिला नंबर लावणारा, फुकट ते सोडायचं नाही असा हा नायक इतका गाजला, की १९९३ साली मॅकडोनाल्ड्सने इथे चक्क 'कियासू बर्गर' विकला.

आता यातला विरोधाभास बघा. याच काळात सरकार होक्कियनसारख्या बोली मागे सारत होतं. १९७९ साली ली क्वान यू यांनी 'मँडरिन बोला' मोहीम सुरू केली आणि टीव्हीवरून बोलींचे कार्यक्रम हळूहळू हटवले गेले. २००० साली 'चांगलं इंग्रजी बोला' ही मोहीम आली. तिचा रोख स्थानिक सिंग्लिशवर होता. म्हणजे कियासू शब्दाची आई आणि दाई, दोघींवरही सरकारची नाराजी. या मोहिमांमागेही धास्तीच होती: जगाला आपलं इंग्रजी कळलं नाही तर धंदा जाईल! कियासूपणाने कियासूलाच हाकलायला निघावं, असा हा प्रकार. शब्द मात्र टिकला आणि सात वर्षांत ऑक्सफर्डच्या कोशात जाऊन बसला.

आम्हा इंजिनियर लोकांना ही वृत्ती परकी नाही. पूल दहा टनांसाठी हवा असेल तर आम्ही तो वीस टनांसाठी बांधतो आणि त्याला 'फॅक्टर ऑफ सेफ्टी' असं भारदस्त नाव देतो. जोहोरशी १९६२ साली झालेला पाण्याचा करार २०६१पर्यंत चालणार आहे. तरीही सिंगापूरने सांडपाणी पिण्याइतकं शुद्ध करणारं 'न्यूवॉटर' २००३ सालीच लोकांसमोर आणलं. माझ्या मते कियासूपणाचं हे सर्वांत देखणं रूप.

अडचण होते ती हीच भीती बारा वर्षांच्या पोरांवर लादली जाते तेव्हा. प्राथमिक शाळा संपताना इथे एक परीक्षा असते आणि पुढची शाळा तिच्यावर ठरते. कित्येक वर्षं तिचा निकाल मुलाचे गुण इतर मुलांशी ताडून लागत असे. आपल्याला चांगले गुण मिळणं पुरेसं नाही, शेजारच्याला कमी मिळायला हवेत. आपल्याकडच्या गुणवत्ता याद्या आठवतात ना? २०२१ साली पद्धत बदलली आणि मुलाच्या स्वतःच्या गुणांवर श्रेणी मिळू लागली. शिकवण्या मात्र तशाच भरलेल्या आहेत. भीती परिपत्रकाने जात नाही.

या शब्दाच्या वापरातली एक खुबी कोशात पाहून कळत नाही. दुसऱ्याला उद्देशून 'किती कियासू!' म्हटलं की तो टोमणा होतो. स्वतःबद्दल 'काय करू, मी कियासू ना' म्हटलं की सगळे हसतात आणि माफ करतात, कारण ती भीती त्यांच्याही घरात असते.

मराठीत इतकी भीती एका शब्दात सांगणारं विशेषण मला अजून सापडलेलं नाही. एसटीत रुमाल आपणही टाकतो, मुलांच्या प्रवेशासाठी पहाटेपासून रांगा आपणही लावतो. पण 'पोराच्या भल्यासाठी' असं म्हणतो, 'हरायला भितो' असं म्हणत नाही. असो. तुमच्या बोलीत असा शब्द असेल तर जरूर कळवा.