माहितीपट करून घेताना : आधी कागद, मग कॅमेरा

शाळेचा अमृत महोत्सव, सहकारी बँकेची शतकी वाटचाल, भोसरी-चाकण पट्ट्यातील एखाद्या कारखान्याची परदेशी ग्राहकांना करून द्यायची ओळख, अशा अनेक निमित्तांनी 'एक फिल्म करून घेऊ या' असा ठराव आज सहज मंजूर होतो. मग कोणाच्या तरी ओळखीचा 'शूटिंगवाला' शोधला जातो, तोंडी रक्कम ठरते, निम्मे पैसे आगाऊ दिले जातात आणि समारंभाच्या आदल्या रात्री पेन ड्राइव्ह हाती पडतो. त्यात एखाद्या संस्थापकाचे नाव चुकलेले असते. आठ दिवसांनी यूट्यूबवर पार्श्वसंगीताविषयी हक्काची हरकत येते. मूळ चित्रीकरण मागितल्यावर 'ते आता पुसले' असे उत्तर मिळते.

सदनिकेचे रंगकाम देतानाही चार दरपत्रके मागवणारी संस्था चित्रीकरणाचे काम मात्र विश्वासावर सोपवते. स्मरणिकेत चूक राहिली तर ती पुन्हा छापता येते. नव्वदीतल्या संस्थापक शिक्षिकेची मुलाखत पुन्हा घेता येईलच असे नाही. म्हणून व्हिडिओ निर्मिती कंपनी नेमताना काय अपेक्षित धरावे, काय विचारावे आणि काय लिहून घ्यावे, याची माहिती संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना आणि उद्योजकांना असायला हवी.

आपल्याला नेमके काय हवे?

कंपनीकडे जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहावीत. फिल्म कोण पाहणार? कोठे पाहणार? आणि पाहिल्यावर त्याने काय करावे, अशी अपेक्षा आहे? सभागृहातील पडद्यावर माजी विद्यार्थ्यांसाठी दाखवायची फिल्म आणि मोबाइलवर पाहण्यासाठीची फिल्म ही दोन वेगळी कामे आहेत. पहिलीची चौकट आडवी, दुसरीची बहुधा उभी असते. आडवे चित्रीकरण नंतर कापून उभे केले की माणसांची डोकी आणि फलकावरील अक्षरे चौकटीबाहेर जातात. दोन्ही रूपे हवी असतील तर चित्रीकरणाआधीच सांगावे.

लांबीचाही विचार आधी करावा. मराठी निवेदनाचे सर्वसाधारणपणे शंभर ते सव्वाशे शब्द एका मिनिटात बोलता येतात. म्हणजे सलग निवेदनाची दहा मिनिटांची फिल्म धरली, तरी संहिता हजार-सव्वा हजार शब्दांचीच. पंच्याहत्तर वर्षांचा इतिहास, सर्व अध्यक्षांची नावे आणि सर्व देणगीदारांचे आभार त्यात मावणार नाहीत. काय गाळायचे हे कार्यकारिणीने ठरवावे. ते संकलकावर सोडले की रुसवेफुगवे अटळ.

नमुना पाहताना

प्रत्येक कंपनीकडे आपल्या कामांतील निवडक दृश्यांची दोन-तीन मिनिटांची आकर्षक फीत असते. तिच्यावरून निर्णय घेऊ नये. आपल्यासारख्याच कामाची एक फिल्म पूर्ण पाहायला मागावी आणि ती डोळे मिटून ऐकावीही. ध्वनी हा हौशी आणि व्यावसायिक कामांतील सर्वांत ठळक फरक आहे. कॅमेऱ्यावरच्या माइकवर घेतलेल्या मुलाखतीत पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचे भोंगे वक्त्याइतकेच स्पष्ट ऐकू येतात. मुलाखतीला कॉलर माइक वापरणार का आणि ध्वनिमुद्रणासाठी वेगळा माणूस असेल का, हे विचारावे. नमुन्यातील फिल्म ज्याने चित्रित आणि संकलित केली, तोच आपल्या कामावर असेल का, हेही स्पष्ट करून घ्यावे. या व्यवसायात कामे एकाने घेऊन दुसऱ्याला देण्याची पद्धत रूढ आहे.

दरपत्रक कसे वाचावे?

एका ओळीत एकच ठोक रक्कम असलेल्या दरपत्रकांची तुलना करता येत नाही. संहितालेखन, चित्रीकरणाचे दिवस, माणसे आणि साधने, प्रकाशयोजना, प्रवास व भोजन, निवेदकाचा आवाज, संगीत, संकलन आणि उपशीर्षके यांचे वेगवेगळे आकडे मागावेत. चित्रीकरणाचा 'दिवस' म्हणजे किती तासांची शिफ्ट आणि वेळ वाढल्यास जादा आकार किती, हे विचारावे. पनवेलहून रत्नागिरीला जाण्याचा दिवस चित्रीकरणाचा धरणार की निम्म्या दराने, असे किरकोळ वाटणारे प्रश्नच अखेरीस बिल फुगवतात.

या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो. मात्र वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असलेल्या सेवा व्यावसायिकाला सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नसते. त्यामुळे दरात कर धरला आहे की नाही, हे लेखी घ्यावे. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने बिलात जीएसटी लावला असेल तर तो देऊ नये.

कामाचे टप्पे आणि हप्ते

नेटके काम ठरावीक क्रमाने पुढे जाते. आधी विषयाची चर्चा आणि संहिता, मग जागेची पाहणी म्हणजे रेकी, त्यानंतर चित्रीकरण, कच्चे संकलन म्हणजे रफ कट, दुरुस्त्या आणि अंतिम प्रत. पैशांचे हप्ते याच टप्प्यांना बांधावेत. अखेरचा हप्ता अंतिम प्रत आणि मूळ चित्रीकरण हाती आल्यावरच देण्याची अट असावी. कंपनीलाही चित्रीकरणाआधी खर्च करावा लागतो. त्यामुळे आगाऊ रक्कम मागणे रास्त आहे. संपूर्ण रक्कम आगाऊ मागणे नाही.

संहिता वाचून तिच्यावर लेखी मंजुरी द्यावी. कागदावरचे वाक्य बदलायला पाच मिनिटे लागतात. तेच वाक्य निवेदकाने म्हटल्यावर बदलायचे तर पुन्हा स्टुडिओ, पुन्हा मानधन आणि पुन्हा संकलन आले. निवेदन माणसाच्या आवाजात होणार की यंत्रनिर्मित, हेही याच वेळी ठरावे. यंत्राच्या तोंडी आपल्या गावांची आणि आडनावांची उच्चारांत काय गत होते, हे ऐकून मगच होकार द्यावा.

रफ कट पाहताना चित्र खरखरीत, रंग फिके आणि संगीत तात्पुरते असू शकते. त्यावेळी क्रम, आशय आणि नावे तपासायची असतात. करारात बहुधा दोन किंवा तीन वेळा दुरुस्त्या मोफत असतात. अकरा सदस्यांनी अकरा वेळा फोन केले तर त्या दोन दिवसांत संपतात. संस्थेने एकच प्रतिनिधी नेमावा आणि सर्वांच्या सूचना त्याने मिनिट व सेकंदांसह एका यादीत द्याव्यात.

परवानग्या कोण काढणार?

रायगड किंवा शनिवारवाडा यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकांत व्यावसायिक चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची, तर रेल्वे स्थानकात रेल्वेची परवानगी लागते. राज्यातील चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी गोरेगावच्या चित्रनगरीचा कारभार पाहणारे महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळ एक खिडकी योजना चालवते.

ड्रोनच्या दृश्यांचा मोह अनेकांना होतो. २०२१च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन अशा व्यावसायिक कामासाठी उडवायला प्रमाणपत्रधारक चालक लागतो, ड्रोनला नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि हवाई क्षेत्राच्या लाल व पिवळ्या विभागांत पूर्वपरवानगी बंधनकारक असते. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेशही वेळोवेळी निघतात. 'आमचे नेहमीचेच काम आहे' या आश्वासनावर न थांबता कागद पाहावेत. फिल्म चित्रपटगृहात जाहीरपणे दाखवायची असेल, तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा वेळही वेळापत्रकात धरावा.

फिल्ममध्ये ओळखता येतील अशा व्यक्तींची लेखी संमती घ्यावी. शाळेच्या फिल्ममध्ये मुलांच्या पालकांची संमती विसरू नये.

फिल्मचा मालक कोण?

सर्वाधिक गैरसमज याच प्रश्नाभोवती आहेत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन एखाद्याच्या सांगण्यावरून तयार केलेल्या फिल्मचा पहिला हक्कधारक ती करवून घेणाराच असतो. मात्र विरुद्ध आशयाचा करार नसेल तरच. त्यामुळे दरपत्रकाच्या मागे बारीक अक्षरांत 'सर्व हक्क कंपनीकडे' असे छापले असेल आणि त्याखाली आपली सही असेल, तर चित्र पालटते. बारीक अक्षरे वाचायची ती यासाठी.

फिल्मचा हक्क मिळाला म्हणजे तिच्यातील प्रत्येक घटकाचा मिळाला, असेही नाही. संहितेवर लेखकाचा आणि संगीतावर संगीतकाराचा स्वतंत्र हक्क असू शकतो. हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असल्याशिवाय ग्राह्य ठरत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो केवळ भारत, असे कायदा मानतो. इंटरनेटवर ठेवलेली फिल्म दुबईतला ग्राहक आणि न्यू जर्सीतला माजी विद्यार्थीही पाहतो. म्हणून 'जगभर आणि हक्काच्या संपूर्ण मुदतीसाठी' हे शब्द करारात हवेत.

संगीताबाबत विशेष सावध राहावे. लोकप्रिय गाण्यात निदान दोन हक्क गुंतलेले असतात: एक गीत-संगीताचा, दुसरा ध्वनिमुद्रणाचा. सीडी विकत घेतली किंवा मोबाइलवरील सेवेचे वार्षिक शुल्क भरले, तरी ते गाणे फिल्मला जोडण्याची परवानगी मिळत नाही. परवाना घेऊन वापरायच्या तयार संगीताचे संग्रह उपलब्ध आहेत. त्यातील संगीत वापरल्यास परवान्याची प्रत संस्थेच्या नावे मागून घ्यावी.

मूळ चित्रीकरण जपा

दहा मिनिटांच्या फिल्मसाठी कित्येक तासांचे चित्रीकरण होते. मुलाखतीतील वापरलेली दोन वाक्ये फिल्ममध्ये राहतात. उरलेली पन्नास मिनिटे, म्हणजे संस्थेचा मौखिक इतिहास, कंपनीच्या संगणकावर असतो. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने एका तासाच्या चित्रीकरणाला सुमारे ४५ जीबी जागा लागते. जागा भरली की कंपन्या जुनी कामे पुसतात आणि करारात काही लिहिले नसेल तर त्यांना दोष देणे अवघड जाते. म्हणून मूळ चित्रीकरण संस्थेच्या हार्ड डिस्कवर किती दिवसांत मिळेल, हे लिहून घ्यावे. दोन हार्ड डिस्क घेऊन त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा उघडून पाहाव्यात. कपाटात बंद असलेली डिस्कही निकामी होते.

वाद झालाच तर

लग्न-मुंजीसारख्या घरगुती कार्यक्रमाचे काम बिघडल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेचा लाभार्थी या कायद्यात सामान्यतः 'ग्राहक' ठरत नाही. म्हणजे कारखान्याची जाहिरातफिल्म करून घेणाऱ्या उद्योजकाची भिस्त मुख्यत्वे आपल्या करारावरच राहते.

करारात हे असावे

- फिल्मची लांबी, भाषा, आडवे-उभे स्वरूप आणि उपशीर्षके
- चित्रीकरणाचे दिवस, शिफ्टचे तास आणि जादा आकार
- हप्ते, कर आणि अंतिम प्रत देण्याची तारीख
- मोफत दुरुस्त्या किती वेळा आणि त्यानंतरचा दर
- परवानग्या व संमतीपत्रे मिळवण्याची जबाबदारी
- फिल्म, संहिता आणि संगीताचे हक्क. मुदत व प्रदेशासह
- मूळ चित्रीकरण सुपूर्द करण्याची मुदत
- पाऊस, आजारपण किंवा काम रद्द झाल्यास रकमेचे काय

एवढे लिहून द्यायला चांगली कंपनी कचरत नाही, कारण कागदामुळे तिचेही बिल वेळेवर निघते. जी कंपनी 'घरचेच काम आहे, कागद कशाला' म्हणते, तिला नमस्कार करून पुढचे दरपत्रक उघडावे.