आगीचा बंब आणि दोन तृतीयांश मतं

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या छोट्या अग्निशमन जिल्ह्याला रात्रपाळीला आणखी दोन माणसं ठेवायची आहेत, पण पैसे नाहीत. त्यासाठी नवा कर लावायचा तर मतदारांना विचारावं लागतं. समजा १००० जणांनी मतदान केलं आणि ६६० जण 'हो' म्हणाले. तरीही प्रस्ताव पडतो, कारण दोन तृतीयांश मतं लागतात, म्हणजे ६६७. मग ३४० जणांचा नकार ६६० जणांच्या होकारापेक्षा जड कधीपासून झाला?

संशोधनाचा विषय शोधताय ना, मग असा प्रश्न धरा. 'अमेरिकेतील कररचना' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. 'हा उंबरठा इथे कसा आला?' हा प्रश्न आहे, आणि त्याला तारीखही आहे.

ती तारीख म्हणजे ६ जून १९७८. त्याआधीची काही वर्षं घरांच्या किमती भराभर वाढत होत्या. कर किमतीवर असल्यामुळे, ज्याचं उत्पन्न जागच्या जागी होतं त्या निवृत्त माणसाचं बिलही फुगत गेलं. राज्याच्या तिजोरीत शिल्लक साठत होती, पण सवलतीवर विधिमंडळात एकमत होईना. तेव्हा हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा करून 'प्रस्ताव १३' थेट मतपत्रिकेवर आणला. तो मंजूर झाला आणि मालमत्ता करावर १ टक्क्याची मर्यादा आली. घरांची करपात्र किंमत १९७५-७६ च्या पातळीवर नेली गेली. घर विकलं जाईपर्यंत ती वर्षाला फार तर २ टक्के वाढणार होती. स्थानिक 'विशेष करा'साठी दोन तृतीयांश मतांची अटही याच प्रस्तावातली. गंमत बघा, खुद्द प्रस्ताव १३ ला मिळाली होती सुमारे ६५ टक्के मतं. म्हणजे त्याने इतरांना घातलेल्या अटीत तो स्वतः बसला नसता!

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक पुस्तकांत सापडते. पुढचा भाग मात्र सावकाश वाचा.

मालमत्ता कराचं उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आलं. उरलेला १ टक्का काउंटी, शहरं, शाळा आणि अग्निशमन जिल्हे यांच्यात कसा वाटायचा, हे प्रस्तावाने कायद्यावर सोडलं होतं. विधिमंडळाने १९७९ मध्ये जे सूत्र ठरवलं, त्याचा पाया होता प्रत्येक संस्थेला आधी मिळणारा वाटा. म्हणजे १९७० च्या दशकात जे दल स्वयंसेवकांवर, कमी करात भागवत होतं, त्याच्या पदरात पुढेही लहानच वाटा पडला. काटकसरीची शिक्षाच म्हणा! दरम्यान वस्ती वाढली आणि कामही बदललं. आज अमेरिकेतल्या अग्निशमन दलांना येणाऱ्या कॉलपैकी बहुतेक आगीचे नसून वैद्यकीय मदतीचे असतात.

मग उरतो विशेष कर. पण १ टक्क्याची मर्यादा असल्यामुळे तो घराच्या किमतीवर लावता येत नाही. म्हणून 'पार्सल टॅक्स' आला. यात प्रत्येक भूखंडावर ठरावीक रक्कम लावतात. बंगला असो की दोन खोल्यांचं घर, बऱ्याचदा आकडा एकच. कर कमी करण्याच्या चळवळीतून श्रीमंत-गरीब न बघणारा कर निघाला, हा इतिहासातला उलटा परिणाम नोंदवून ठेवा.

१९९६ च्या 'प्रस्ताव २१८' ने आणखी एक दार अरुंद केलं. मालमत्तेला होणाऱ्या खास फायद्यापोटी 'आकारणी' करायची तर जमीनमालकांची मतं घ्यायची, आणि ज्याच्यावर जास्त रक्कम त्याच्या मताला जास्त वजन. करासाठी भाडेकरूही मत देतो, आकारणीत सहसा मालकच. म्हणजे पैसा कुठल्या नावाने मागितला जातो, त्यावर 'जनता' कोण हे ठरतं. आपल्याकडेही काही महापालिकांच्या मालमत्ता कराच्या बिलात अग्निशमनाची वेगळी ओळ असते, पण तिच्यावर कुणी आपलं मत विचारत नाही. तुलना करायची असेल तर ती इथून सुरू करता येईल.

आता पद्धतीबद्दल एक सावधगिरी. अशा विषयात हाताशी पटकन येतात ते मतदानाचे निकाल आणि मतदारांना पाठवलेल्या माहितीपुस्तिका. त्यांत बाजूची आणि विरोधातली बाजू शेजारी छापलेली असते, साधन म्हणून उत्तमच. पण हरण्याच्या भीतीने ज्या जिल्ह्यांनी कधी मत मागितलंच नाही, ते या आकड्यांत दिसत नाहीत. त्यांच्या खुणा शोधायच्या तर मंडळाच्या सभांची इतिवृत्तं आणि अंदाजपत्रकं उघडा. कुठे केंद्र बंद झालं, कुठे बंबावरचा एक माणूस कमी केला, हे तिथे सापडेल. उंबरठ्याचा खरा परिणाम मोजायचा, तर पडलेल्या प्रस्तावांइतकेच न मांडलेले प्रस्तावही मोजावे लागतील.