शोषचराची लांबी आणि जोखमीचा धनी

सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये गेले की प्रश्न मिटला, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक टाकीत गाळ तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो, आणि जितके पाणी आत येते तितकेच बाहेर पडते; तेही दूषितच. रोगजंतूंचा खरा बंदोबस्त त्यानंतर, खडी भरलेल्या उथळ चरांतून हे पाणी मातीत जिरताना होतो. टाकी गवंडी कोठेही बांधून देईल. माती मात्र जागेवर असेल तीच घ्यावी लागते. म्हणूनच चराची लांबी ठरविण्याचा इतिहास मला टाकीच्या इतिहासाहून उद्बोधक वाटतो.

१९२०च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील अभियंता हेन्री रायन याने एक साधी चाचणी रूढ केली. चराच्या खोलीपर्यंत फूटभर लांबी-रुंदीचा खड्डा खणायचा, माती भिजवायची, सहा इंच पाणी ओतायचे आणि ते एक इंच उतरायला किती मिनिटे लागतात ते पाहायचे. पण नुसत्या मिनिटांवरून लांबी निघत नाही. रायनने वापरातले जुने शोषचर पाहिले, तेथील माती तपासली, आणि कोणती माती किती पाणी सोसते याचा आलेख त्या नोंदींवरून काढला. सिद्धान्त पुढे आला, नोंदवही आधी होती. आम्हा कागदी घोडे नाचविणाऱ्यांना तेवढाच दिलासा!

या आलेखाला राष्ट्रीय नियमाचे रूप मिळाले ते मात्र एका आर्थिक कारणाने. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उपनगरे भराभर उभी राहिली. गटारे तेथवर पोहोचली नव्हती. गृहकर्जांचा विमा संघराज्याच्या गृहनिर्माण प्रशासनाने उतरविलेला होता. कर्ज वीस-तीस वर्षांचे आणि अंगणातला चर काही वर्षांतच तुंबलेला, अशी घरे निघू लागली, तेव्हा तारणाची किंमतच धोक्यात आली. गृहनिर्माण यंत्रणेच्या सहकार्याने सार्वजनिक आरोग्य सेवेने संशोधन हाती घेतले आणि १९५७ मध्ये सेप्टिक टँकची नियमपुस्तिका निघाली. पाणी इंचभर उतरायला एक मिनिट लागत असेल तर प्रत्येक शयनगृहामागे ७० चौरस फूट शोषक्षेत्र, ६० मिनिटे लागत असतील तर ३३० चौरस फूट. त्याहून मंद असेल तर शोषचर नकोच. चिकणमाती फुगून तिची छिद्रे मिटतात, म्हणून चाचणीपूर्वी खड्डा रात्रभर भिजत ठेवण्याचा दंडकही त्यात आहे. इंदुराकडची काळी माती ज्यांनी उन्हाळ्यात भेगाळलेली आणि पावसाळ्यात फुगलेली पाहिली आहे, त्यांना त्याचे कारण सांगायला नको.

१९७०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधनाने या चाचणीची मर्यादाही दाखविली. वापराने चराच्या तळाशी जीवाणूंचा बुळबुळीत थर साचतो आणि पुढे जिरण्याचा वेग बव्हंशी तोच ठरवितो. चाचणी स्वच्छ पाण्याची, चर वाहतो मळक्या पाण्याचा.

आपल्याकडे भारतीय मानक २४७०च्या दुसऱ्या भागात हे सारे आहे. पाणी २५ मिलिमीटर उतरायला लागणाऱ्या मिनिटांच्या वर्गमुळाने २०४ला भागले की प्रति चौरस मीटर दररोज किती लिटर सोडता येईल ते मिळते. दररोज ५०० लिटर पाणी टाकीत सोडणारे घर घ्या. चार मिनिटांच्या मातीत साठ सेंटिमीटर रुंदीचा सुमारे ८ मीटर चर पुरे. पंचवीस मिनिटांच्या मातीत तोच २० मीटरांवर जातो. शिवाय विहिरीपासून १८ मीटर अंतर. शहरातल्या दीडशे चौरस मीटरच्या भूखंडावर हे बसायचे कसे?

ते बसत नाही, आणि बसविले जात नाही. २०११च्या जनगणनेनुसार शहरी घरांपैकी ३८.२ टक्के सेप्टिक टँकवर होती, तर नळगटाराला ३२.७ टक्के जोडलेली. यांतील कितीतरी टाक्यांचा निचरा थेट उघड्या गटारात होतो. मालकाला त्याचा खर्च शून्य. तो उतारावरच्या वस्तीला पडतो. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. तेथे विमेदाराने मातीची चौकशी केली, कारण नुकसान त्याच्या वहीत पडत होते. येथे ते कोणाच्याच वहीत पडत नाही. २०१७च्या राष्ट्रीय धोरणाने टाकीतला गाळ वेळेवर उपसण्याकडे यंत्रणेचे लक्ष वळविले, हे चांगलेच झाले. तथापि गाळ काही वर्षांनी उपसायचा असतो, पाणी रोज वाहते. माझ्यासमोर आलेल्या बांधकाम नकाशांत टाकीची लांबी-रुंदी सेंटिमीटरपर्यंत लिहिलेली असते. पाझराची मिनिटे नोंदविलेला एकही नकाशा मी पाहिलेला नाही.