मासळीच्या दुकानातून निघालेली चळवळ

वाचकहो, जागतिक शांतता म्हटले की आपल्यापुढे मोठमोठी माणसे उभी राहतात. लांबलचक टेबले, त्यांच्याभोवती बसलेले मंत्री, मागे निरनिराळ्या देशांचे झेंडे. ते काम त्यांचे; आपण फार तर वर्तमानपत्रात वाचावे आणि सोडून द्यावे, अशी आपली समजूत असते. ती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. करारावर सह्या शेवटी मंत्रीच करतात. परंतु त्या टेबलापर्यंत मंत्र्यांना ओढून आणण्याचे काम कित्येकदा दुसरीच माणसे करतात, आणि त्यांची नावे क्रमिक पुस्तकात सापडत नाहीत. १९५४ साली जपानात अशी एक चळवळ उभी राहिली. तिचा उगम मासळीच्या दुकानात आहे. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

पॅसिफिक महासागरात मार्शल बेटे आहेत. त्यांपैकी बिकिनी नावाच्या बेटावर १ मार्च १९५४ रोजी पहाटे अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. शास्त्रज्ञांनी बांधलेला अंदाज साफ चुकला. अंदाजाच्या दुपटीहून अधिक मोठा स्फोट झाला. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. बिकिनीचे बेट पोवळ्याच्या खडकाचे. त्या खडकाचे पीठ होऊन आभाळात चढले आणि वाऱ्याबरोबर निघाले.

त्या वेळी अमेरिकेने धोक्याचा म्हणून जाहीर केलेल्या हद्दीच्या बाहेर एक जपानी लाकडी जहाज मासेमारी करीत होते. त्याचे नाव दाइगो फुकुर्यू मारू, म्हणजे ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. नावातील भाग्य त्याच्या वाट्याला आले नाही. जहाजावर २३ खलाशी होते. पश्चिमेचे आकाश एकाएकी उजळले, काही वेळाने गडगडाट ऐकू आला आणि मग दोन-तीन तासांनी पांढरी राख पडू लागली. खलाशी आपले गळ लावलेले दोर ओढीत होते. राख अंगावर, केसांत, डोळ्यांत गेली. १४ मार्चला जहाज याइझू बंदराला लागले, तेव्हा माणसांची कातडी काळवंडली होती आणि केस गळत होते. जहाजावरचा वायरलेसवाला आइकिची कुबोयामा हा २३ सप्टेंबरला दवाखान्यात वारला. तो ४० वर्षांचा होता.

मार्शल बेटांवरच्या लोकांचे हाल तर याहून वाईट झाले. रोंगेलाप बेटावर तीच राख पडली आणि तेथील माणसांना हलवायला दोन दिवस लागले. त्या बेटवासीयांनी एप्रिल १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला. चाचण्या थांबल्या नाहीत. त्यांची संख्या थोडी आणि जगाच्या बाजारात त्यांचे वजन काहीच नाही, हेच त्याचे कारण असावे.

आता जपानकडे वळू. त्या जहाजाची मासळी, कोणास काही कळण्याच्या आतच, बाजारात गेली होती. १६ मार्चला वर्तमानपत्रात बातमी आली आणि घरोघरी घबराट उडाली. मासा प्रामुख्याने ट्यूना, ज्याला आपले कोकणातले लोक कुपा म्हणतात. जपानी माणसाच्या ताटात त्याचे स्थान मोठे. तोक्योच्या बाजारात सरकारी माणसे यंत्रे घेऊन माशांवरून फिरवू लागली. यंत्र टकटकले की मासा फेकायचा. पुढच्या महिन्यांत असा दूषित माल आणणारी जहाजे आठशेच्या वर गेली, आणि शेकडो टन मासळी टाकून द्यावी लागली. चांगल्या मासळीलाही गिऱ्हाईक मिळेना. मे महिन्यात पावसाच्या पाण्यातही किरणोत्सर्ग सापडला. तेव्हा भाजीचे काय, असा प्रश्न आला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. हिरोशिमा आणि नागासाकी याच देशात आहेत. १९४५ सालानंतर नऊ वर्षे उलटली होती, तरी अणुबॉम्बविरुद्ध देशव्यापी चळवळ उभी राहिली नव्हती. १९५२ पर्यंत अमेरिकेचा लष्करी अंमल होता, त्यातील पहिली काही वर्षे तर छापखान्यावर कडक नियंत्रण होते, हे एक कारण. दुसरे असे की, त्या दोन शहरांतले दुःख इतर जपान्यांना दुरून ऐकलेले होते. १९५४ साली तेच संकट स्वयंपाकघरात आले.

तोक्यो शहराच्या पश्चिमेस सुगिनामी नावाचा विभाग आहे. त्या काळी तेथे सुमारे ३ लाख ९० हजार वस्ती होती. नोकरदार, लहान दुकानदार, शिक्षक अशांची. तेथील मासळीविक्यांनी एप्रिलच्या आरंभी आपल्यापुरता सह्यांचा अर्ज सुरू केला. धंदा बुडत होता, म्हणून केला. यात कमीपणा काही नाही. मग १६ एप्रिलला तेथील सार्वजनिक सभागृहात बायकांसाठी एक व्याख्यान होते. व्याख्यान संपल्यावर तोमिको सुगावारा नावाची बाई उठली. नवरा-बायको मिळून मासळीचे दुकान चालवीत. तिने आपल्या धंद्याची अडचण सांगितली आणि हा प्रश्न जमलेल्या सगळ्या बायकांनी हाती घ्यावा, अशी विनंती केली.

वाचकहो, सभेत उठून बोलणारी माणसे पुष्कळ असतात. बोलणे झाले की सभा पांगते. सुगिनामीची सभा पांगली नाही, याचे कारण त्याआधीच्या सहा महिन्यांत आहे, आणि शिक्षक बंधुभगिनींनी याकडे मुद्दाम पाहावे. हे सभागृह नोव्हेंबर १९५३ मध्ये उघडले होते. जपानीत त्याला कोमिंकान म्हणतात. आपण समाजमंदिर म्हणू. त्याचे प्रमुख काओरू यासुई हे आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांनी तेथे गृहिणींचे एक वाचनमंडळ चालविले होते. मंडळात वाचायला काय घेतले असेल? पाककृती नव्हेत, तर इंग्रज इतिहासकार ई. एच. कार यांचे नव्या समाजरचनेवरचे पुस्तक. बायकांनी ते घरची कामे आवरून वाचावे, त्यावर बोलावे, न पटल्यास तसे सांगावे, असा क्रम चालला होता. त्यामुळे मासळीवाल्या बाईने हाक दिली तेव्हा एकमेकींची ओळख असलेल्या, चार माणसांत बोलण्याची सवय झालेल्या बायका तेथे तयार होत्या. आपण वाचनालयाचे उद्घाटन करतो, फोटो काढतो आणि कुलूप लावतो. म्हणून हे थोडे विस्ताराने सांगितले.

९ मे १९५४ रोजी सुगिनामीत समिती स्थापन झाली. तीत मासळीविक्ये होते, महिला मंडळे होती, शाळांचे पालक होते, कामगार संघटना होत्या आणि विभागाच्या कौन्सिलातले निरनिराळ्या पक्षांचे सभासदही होते. अमेरिकेच्या नावाने शंख करावयाचा नाही, कोणत्याही पक्षाचा झेंडा लावावयाचा नाही. सांगावयाचे ते जगातल्या सर्व सरकारांना आणि सर्व लोकांना, असे धोरण ठरले. मागणी एकच, हायड्रोजन बॉम्बवर बंदी.

काहींना हे धोरण मिळमिळीत वाटेल. पण चार वर्षांपूर्वीचा, १९५० चा, अनुभव पहा. अणुबॉम्बविरोधी स्टॉकहोम आवाहनावर जगभर कोट्यवधी सह्या झाल्या होत्या, परंतु त्यामागे कम्युनिस्ट पक्षांचा हात आहे म्हणून निम्मी माणसे कागदाला हातच लावीनात. सुगिनामीच्या बायकांच्या कागदावर सही करताना मंदिराच्या पुजाऱ्याला किंवा सरकारी कारकुनाला तशी धास्ती वाटली नाही.

मग दारोदार फिरणे सुरू झाले. मासळीच्या दुकानात कागद ठेवले. बायका मुलांना पाठीशी बांधून गल्ल्या वाटून घेत. दोन महिन्यांच्या आत अडीच लाखांवर सह्या जमल्या. वस्तीचा आकडा मी वर दिलाच आहे. त्यात तान्ही मुलेही मोजलेली आहेत. ऑगस्टमध्ये देशभरच्या सह्या एकत्र मोजण्यासाठी राष्ट्रीय समिती निघाली आणि तिची कचेरी यासुईंच्या कोमिंकानमध्येच थाटली गेली. वर्षभरात सह्यांचा आकडा तीन कोटींच्या वर गेला. जपानची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आत होती.

सरकारला हे प्रकरण लवकर मिटावे असे वाटत होते. १९५४ च्या अखेरीस माशांची तपासणी बंद केली गेली आणि जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेकडून २० लाख डॉलर घेऊन हिशेब पुरा झाला असे ठरले. लोकांनी मात्र हिशेब पुरा होऊ दिला नाही. ६ ऑगस्ट १९५५ रोजी हिरोशिमात पहिली जागतिक परिषद भरली. तेथे बॉम्बमधून वाचलेली माणसे व्यासपीठावर येऊन बोलली. इतकी वर्षे ती आपले व्रण झाकून, लग्नसंबंध मोडतील या भीतीने गप्प राहिली होती. पुढल्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी स्वतःची संघटना काढली, निहोन हिदांक्यो. २०२४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच संघटनेला.

सगळे गोडच झाले असे मात्र नाही. चळवळ मोठी झाली तशी पक्षांची नजर तिच्यावर गेली. १९६१ साली सोव्हिएत रशियाने पुन्हा चाचण्या सुरू केल्या. तिचा निषेध करावयाचा की नाही, यावर जपानी संघटनेत भांडण जुंपले. अमेरिकेच्या बॉम्बची राख वाईट आणि रशियाच्या बॉम्बची सोज्वळ, असे काहींना खरोखरच सिद्ध करावयाचे होते! १९६३ च्या परिषदेत फूट पडली आणि १९६५ मध्ये दुसरी वेगळी संघटना निघाली. माझ्या मते मासळीच्या दुकानातल्या बायकांना हा प्रश्नच पडला नसता. राख कोणाच्या बॉम्बची, हे मासा सांगत नाही.

याच सुमारास तिकडे अमेरिकेतही घरगुती वस्तूच पुढे आली. तेथे मासा नव्हता, दूध होते. स्फोटातून स्ट्रॉन्शियम ९० नावाचे द्रव्य पसरते. ते पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या पोटात, दुधातून मुलाच्या हाडांत आणि दातांत जाते. कारण शरीर त्याला चुन्यासारखेच समजते. सेंट लुइस शहरातल्या डॉक्टरांनी, शास्त्रज्ञांनी आणि गृहिणींनी १९५८ मध्ये ठरविले की मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करावयाचे. आपल्याकडे असा दात कौलांवर टाकतात. तिकडे मूल तो उशीखाली ठेवते आणि परी येऊन त्याच्या जागी नाणे ठेवते, अशी समजूत आहे. आता दात पाकिटातून शास्त्रज्ञांकडे जाऊ लागले आणि मुलाला एक बिल्ला मिळू लागला. १९७० पर्यंत सुमारे तीन लाख दात जमले. १९६१ मध्ये डॉ. लुइझ राइस यांनी पहिले निष्कर्ष छापले: १९५० नंतरच्या वर्षांत जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते द्रव्य वाढत गेले होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला अमेरिकेतील हजारो बायकांनी घरकाम आणि नोकरी एक दिवस सोडून मोर्चे काढले.

आपला देशही स्वस्थ नव्हता. २ एप्रिल १९५४ रोजीच पंडित नेहरूंनी लोकसभेत चाचण्या तहकूब ठेवण्याची सूचना मांडली होती. आणि १ जून १९६२ रोजी सतीशकुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण दिल्लीच्या राजघाटावरून पायी निघाले. मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असे बॉम्बवाल्या राजधान्यांना भेट देण्यासाठी. पैसा बरोबर घेऊ नका, हा सल्ला आपल्या विनोबांचा. वाटेत काळ्या समुद्राजवळच्या चहाच्या कारखान्यातील एका बाईने त्यांना चार पुड्या दिल्या, एकेका राजधानीसाठी एक. बॉम्बचे बटण दाबायचे मनात आले तर आधी थांबून कपभर चहा घ्यावा, हा तिचा निरोप होता. सतीशकुमारांनीच ही हकीकत लिहून ठेवली आहे.

५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्कोत अमेरिका, रशिया आणि ब्रिटन यांनी हवेत, पाण्यात आणि अंतराळात चाचण्या न करण्याचा करार केला. भारताने त्याच महिन्यात सही केली. फ्रान्स आणि चीन बाहेर राहिले. जमिनीखालच्या चाचण्यांना मोकळीक होती. तिचा उपयोग सर्वांनी केला, १९७४ मध्ये आपणही केला. बॉम्ब कमी झाले नाहीत, उलट पुढची वीस वर्षे वाढतच गेले. मुलांच्या दातांतले आणि दुधातले विष मात्र कमी होत गेले. सह्यांच्या कागदांनी नेमके किती मिळविले, याचे माप हे आहे. ते थोडे आहे असे म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही, पण त्या काळातल्या आईला ते थोडे वाटले नसते.

राहता राहिले ते जहाज. त्याची साफसफाई करून ते एका मत्स्यविद्येच्या विद्यापीठाला शिकाऊ जहाज म्हणून दिले गेले. नावही बदलले. १९६७ मध्ये ते मोडीत निघाले, यंत्र विकले गेले आणि रिकामा सांगाडा तोक्योच्या किनाऱ्यावर, शहराचा कचरा टाकून भरणी केलेल्या बेटाशेजारी, चिखलात कलंडून पडला. मार्च १९६८ मध्ये एका सव्वीस वर्षांच्या नोकरदाराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, हे जहाज असेच बुडू द्यावयाचे काय? पुन्हा माणसे जमली, पुन्हा वर्गणी, पुन्हा सह्या. १९७६ मध्ये त्याच भरणीच्या जागी प्रदर्शनगृह उघडले. सुमारे तीस मीटर लांबीचे ते लाकडी जहाज छपराखाली उभे आहे, आणि शाळांच्या सहली ते पाहावयास येतात.