आपल्या डोक्यावरून गेलेलं विमान

फोन हातात आहेच, तर नकाशा उघडा. सातारा ते सांगली बघा. रस्त्याने साधारण सव्वाशे किलोमीटर. हवेतून सरळ रेघ ओढली तर एकशेदहाच्या आसपास. म्हणजे वाचले फक्त पंधरा किलोमीटर! मग विमानाने नक्की काय वाचतं? आजची गोष्ट त्याचीच आहे.

१५ ऑक्टोबर १९३२. जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमान होतं पस मॉथ, एका इंजिनाचं. तिथून नेव्हिल विन्सेंट यांनी ताबा घेतला आणि बेल्लारीमार्गे मद्रास गाठलं. आता मुंबई ते बेल्लारी सरळ रेघ ओढा. ती वडूजजवळून जाते, मग विटा आणि आटपाडीच्या मधून खाली जतकडे. पस मॉथचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या आसपास. त्या वेगाने सातारा-सांगली चाळीस मिनिटांचं काम. पण विमानाला मधे उतरायचं कारणच नव्हतं.

पुढे कोल्हापूरला १९३९ मध्ये विमानतळ झाला. कराडला १९५५ च्या सुमारास धावपट्टी झाली, ती कोयना धरणाच्या कामासाठी. जेमतेम सव्वा किलोमीटर लांब. मोठ्या जेटला साधारण दोन किलोमीटर तरी लागतात. सांगलीजवळ कवलापूरलाही जुनी धावपट्टी आहे, पण वापरात नाही.

हे सगळं मी का शोधत बसलो? सांगतो.

विटा-खानापूर भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरलीत. गलाईवाले म्हणतात त्यांना. माझे मामा त्यातलेच, चेन्नईला असतात. आजी गेली तेव्हा पहाटे त्यांना फोन केला. कोल्हापूर जवळ, पण तिथलं विमान त्या दिवशी जुळेना. मग पुण्याचं तिकीट काढलं. चेन्नई-पुणे हवेतून नऊशे किलोमीटर, पावणेदोन तासांत पार. पुण्याहून गाव दोनशे किलोमीटरच्या आत, त्याला लागले साडेचार तास. इकडे अंगणात सगळे थांबलेले. कुणी काही बोलत नव्हतं, फक्त सारखं घड्याळ बघत होते. मामा दिवस मावळायच्या जरा आधी पोचले.

नंतर मामा म्हणाले, "विमान आपल्याच रानावरून गेलं असेल रे. मी वर होतो, आई खाली."

तेव्हापासून कुणी विमानाचं अंतर सांगितलं की मी एकच विचारतो: उतरल्यावर घर किती लांब? १९३२ साली टपाल आपल्या डोक्यावरून गेलं. आपली माणसं आजही तशीच जातात.

तुमच्या घरात कुणी गलाईवाले असतील तर त्यांच्या प्रवासाची गोष्ट आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!