पाचही रेस जिंकला, तरी चॅम्पियन नाही!
२०१९ ची वर्ल्ड कप फायनल बाउंड्री मोजून ठरली, आठवतेय ना? स्पीडवेने असाच चटका १९३६ मध्ये दिला होता. स्पीडवे म्हणजे मातीचा ट्रॅक, चार रायडर, चार लॅप आणि बाइकला ब्रेकच नाही! १० सप्टेंबरला लंडनच्या वेम्बलीत पहिली वर्ल्ड फायनल झाली. ऑस्ट्रेलियाचा ब्लूई विल्किन्सन पाचही रेस जिंकला, पैकीच्या पैकी १५ पॉइंट. पण आधीच्या फेऱ्यांचा बोनसही धरायचा होता. ब्लूईचा बोनस १०, एकूण २५. लायोनेल व्हॅन प्राग १४ अधिक १२, एरिक लँग्टन १३ अधिक १३, दोघेही २६! मग दोघांची जादा रेस झाली आणि व्हॅन प्राग जिंकला. आधीच्या फेऱ्या मोजणारा नियम फायनलमध्ये न हरलेल्यालाच नडला. १९३८ मध्येही बोनस होताच, पण तेव्हा ब्लूई चॅम्पियन झाला. तुम्ही कुणाला कप दिला असता?