संगणकाला 'नंदुरबार' वाचता येत नव्हतं तेव्हा

आजचा विषय अगदी घरगुती. समजा तुम्ही नंदुरबारला किंवा शहाद्याला सेकंडहॅन्ड पीसी घेतलाय. आता त्यात एमएस ऑफिस टाकायचं, की फुकट मिळणारं लिब्रेऑफिस? उत्तर देतो, पण त्याआधी जरा मागे जाऊ.

१ जुलै १९९८. धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नवा जिल्हा म्हणजे नवे शिक्के, नव्या पाट्या, नवी लेटरहेडं. आणि गंमत अशी, की ज्या संगणकांवर हे नाव टाइप होणार होतं त्यांना देवनागरी कळतच नव्हती. विंडोजमध्ये देवनागरीची मुळातून सोय आली ती पुढे विंडोज २००० मध्ये, मंगल फॉन्टसोबत.

मग लोक मराठी टाइप कसं करायचे? जुगाड! इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेव फॉन्टचंच उदाहरण घ्या. 'नंदुरबार' लिहायला बटणं दाबायची ती यू, ए, एन, क्यू, जे, सी, के, जे. स्क्रीनवर नंदुरबार उमटतं, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरांचं कडबोळंच. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की ते कडबोळंच समोर यायचं. त्यात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वेगळी, सी-डॅकचं आयएसएम वेगळं, प्रत्येकाची आतली मांडणी निराळी.

आता एक्सेलमध्ये नावांची यादी करा आणि म्हणा, 'क्रमाने लाव.' कृतिदेवमध्ये 'ब' म्हणजे सी आणि 'क' म्हणजे डी. म्हणजे बारकू वर आणि काशिनाथ खाली! हसू येतं खरं. पण ज्या जिल्ह्यात जातीचा दाखला आणि वनहक्काचा दावा यांवर घरादाराचं पुढचं ठरतं, तिथे यादीत नाव शोधून न सापडणं ही हसण्याची गोष्ट नाही.

म्हणून त्या काळात 'कुठलं ऑफिस सॉफ्टवेअर?' हा प्रश्न खरं तर 'कुठला फॉन्ट?' असाच असायचा. समोरच्याकडे जो आहे, तोच आपल्याकडे हवा. पसंती-बिसंती काही नाही.

मग २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोचली. आपल्याकडच्या कितीतरी पोरांचा माउसला पहिला हात या क्लासमध्ये लागला. तिथे शिकायचं काय? वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. सरकारी नोकरीच्या अर्जाला ते सर्टिफिकेट लागायला लागलं आणि 'ऑफिस' म्हणजे मायक्रोसॉफ्टचंच, हे डोक्यात पक्कं बसलं. त्यातली विकतची सीडी किती आणि मित्राकडून आणलेली किती, ते तुम्हीही जाणता, मीही जाणतो.

दुसरी वाट मात्र होती. १९९९ मध्ये सन कंपनीने स्टारऑफिस हे जर्मन सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि २००० साली त्याचा कोड खुला केला. तेच ओपनऑफिस. पुढे २०१० मध्ये ओरॅकलने सनच घेऊन टाकली. ओपनऑफिसवर काम करणाऱ्या बऱ्याच मंडळींना भरवसा वाटेना, म्हणून ती वेगळी झाली. २८ सप्टेंबर २०१० ला त्यांनी लिब्रेऑफिस जाहीर केलं.

ही तारीख ध्यानात ठेवा. कारण दुसऱ्याच दिवशी, २९ सप्टेंबरला, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हे आधीच सांगतो! पण आधारवर नाव मराठीतही असतं आणि इंग्रजीतही. ज्या जिल्ह्याचं नाव जन्मतःच फॉन्टच्या जुगाडावर चाललं, तिथूनच हे सुरू व्हावं, याचं मला कौतुक वाटतं.

यामागे युनिकोड आहे. त्यात 'न' ला जगभर एकच क्रमांक, मग सॉफ्टवेअर कुठलंही असो. तुमच्या मोबाइलचा कीबोर्डही युनिकोडच लिहितो, म्हणून व्हॉट्सअॅपवरचं मराठी कुठल्याही फोनवर वाचता येतं.

तर आता उत्तर. एमएस-सीआयटी करणार असाल, तर एमएस ऑफिसवर हात बसलेला बरा. परीक्षेत बटणं शोधत बसायला वेळ नसतो. घरचे अर्ज, बचतगटाचा हिशोब, शाळेचे प्रकल्प एवढंच असेल, तर माझं मत लिब्रेऑफिसला. जुन्या पीसीवर चालतं, पैसे लागत नाहीत, चोरीची सीडी शोधायला नको. वर्डची फाइल त्यात उघडते, पण तक्ते कधीकधी सरकतात. झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटला नेताना पीडीएफ करून न्या. मी एकदा तशीच फाइल नेली होती, तर तीन पानांची पाच झाली!

दोन्हींपैकी काहीही घ्या, मराठी मात्र युनिकोडमध्येच टाइप करा. आणि घरात जुन्या फॉन्टमधल्या फाइली पडल्या असतील, वडिलांनी टाइप केलेली सोसायटीची यादी, आजोबांच्या आठवणी, असलं काही, तर कन्व्हर्टरने बदलण्याआधी मूळ फाइलची कॉपी काढा आणि ती कुठल्या फॉन्टमधली आहे, ते फाइलच्या नावातच लिहून ठेवा.